अर्धशिशीवर संशोधन करायचंय? मग अकरावीत गणित सोडू नकोस

मिरजेहून अकरावी सायन्सची एक विद्यार्थिनी विचारते: मला दहावीपासून अर्धशिशीचा त्रास आहे, वर्गातल्या आणखी काही मुलींनाही आहे. हे आमच्याच वयात का सुरू होतं आणि त्यावर उपाय काय, यावरच पुढे संशोधन करावं असं वाटतं. बाबा म्हणतात, त्यासाठी डॉक्टरच व्हावं लागेल. गणित सोड आणि नीटला लाग. काय करू?

डॉक्टर झालीस तर उत्तमच, पण या विषयात शिरायची ती एकच वाट नाही. गणित मात्र कुठल्याही वाटेवर लागणार आहे, आणि ते का, हे बाबांनाही वाचून दाखव.

२०१७ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मायग्रेन, म्हणजे अर्धशिशी, रोखण्यासाठी मोठ्या माणसांना सर्रास दिली जाणारी ॲमिट्रिप्टिलिन आणि टोपिरामेट ही औषधं ८ ते १७ वर्षांच्या मुलांना लागू पडतात का, हे त्यात तपासलं होतं. तिसऱ्या गटाला तशाच दिसणाऱ्या, पण औषध नसलेल्या गोळ्या दिल्या. डोकेदुखीचे दिवस निम्म्याने किंवा त्याहून जास्त घटलेली मुलं ॲमिट्रिप्टिलिनच्या गटात ५२ टक्के, टोपिरामेटच्या ५५ टक्के आणि औषध नसलेल्या गटात ६१ टक्के निघाली! चाचणी मुदतीआधीच थांबवली गेली. साइड इफेक्ट मात्र औषधांच्या गटांत जास्त होते.

औषधाविनाही इतका गुण का येतो? मूल चाचणीत येतं तेच त्रास अगदी वाढलेला असताना. पुढे तो आपसूकही थोडा ओसरतो. शिवाय नियमित तपासणी, झोपेजेवणाची शिस्त, बरं वाटेल ही आशा यांचाही गुण येतो. या सगळ्यातून औषधाचा वाटा नेमका वेगळा काढायचा, तर संख्याशास्त्र पक्कं हवं. किशोरवयीन मायग्रेनच्या उपचारांवरचं संशोधन इथेच अडतं.

औषधाइतकंच मानसशास्त्राचंही काम आहे. २०१३ च्या एका चाचणीत, जवळजवळ रोज डोकं दुखणाऱ्या १० ते १७ वयाच्या मुलांना ॲमिट्रिप्टिलिनसोबत वर्तन-उपचार, म्हणजे विचार आणि सवयी बदलून वेदनेला तोंड द्यायला शिकवणारे उपचार, दिले. २० आठवड्यांनी त्यांतल्या ६६ टक्क्यांचे दुखण्याचे दिवस निम्म्याने घटले. औषध आणि नुसती माहिती मिळालेल्यांत हे प्रमाण ३६ टक्के होतं.

कारणांचा शोध वेगळ्या मंडळींकडे आहे. चेहऱ्याच्या आणि मेंदूच्या आवरणांच्या नसांमधून सुटणारं सीजीआरपी नावाचं रसायन मायग्रेनमध्ये काय करतं, हे उलगडणाऱ्या चौघांना मेंदू-संशोधनासाठीचं २०२१ चं ब्रेन प्राइझ मिळालं. त्या रसायनाला अडवणारी इंजेक्शनं २०१८ पासून मोठ्यांसाठी मिळू लागली. २०२२ मध्ये एक लाखाहून जास्त रुग्णांचा डीएनए तपासून मायग्रेनशी जोडलेल्या १२३ जागा सापडल्या. वयात येईपर्यंत मुलगे आणि मुलींमध्ये प्रमाण साधारण सारखं असतं, मग मुलींमध्ये ते वाढतं. पाळीच्या सुमारास इस्ट्रोजेन हे संप्रेरक उतरणं हा त्यातला एक धागा. पूर्ण उत्तर अजून बाकी आहे.

आता वाटा. रुग्ण तपासून उपचारांवर काम करायचं असेल तर एमबीबीएस साडेपाच वर्षं, एमडी मेडिसिन किंवा बालरोग तीन, डीएम न्यूरॉलॉजी तीन. कारणांवर काम करायचं असेल तर आयसर, म्हणजे केंद्र सरकारच्या विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेत, पाच वर्षांचं बीएस-एमएस, मग पीएचडी. पुण्यात आयसर आहेच. प्रवेश आयएटी या परीक्षेतून होतो: ६० प्रश्न, त्यातले १५ गणिताचे. गणित सोडलंस तर ते १५ हातचे गेले. नीट आणि आयएटी दोन्ही देता येतात. पोटापाण्याचं म्हणशील, तर पीएचडीसाठी सीएसआयआर-यूजीसीची जेआरएफ ही शिष्यवृत्ती मिळाली की पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये, शिवाय घरभाडं. फक्त मायग्रेनवर काम करणाऱ्या प्रयोगशाळा आपल्याकडे मोजक्याच आहेत; म्हणून वेदनेच्या नसा, आयन चॅनल (पेशींमधून विद्युतभारित कण आत-बाहेर सोडणारी दारं) किंवा जनुकशास्त्र यांवर काम करणारा गाइड शोध आणि ते कौशल्य घेऊन मायग्रेनकडे वळ. संख्याशास्त्रात एमएस्सी करूनही इथे येता येतं, आणि अशी माणसं कमी पडतात.

सुरुवात आजच करता येईल. एक वही घाल. डोकं कधी उठलं, कधी थांबलं, एका बाजूला की दोन्ही, ठणका होता का, ओकारी, उजेड किंवा आवाज सहन न होणं, गोळी कुठली, किती वाजता, पाळीची तारीख, झोपेचे तास, बुडालेली शाळा. डोकं दुखलं नाही त्या दिवशीही झोपेची नोंद हवीच. बहुतेक जण फक्त वाईट दिवस लिहितात आणि ‘कमी झोपेमुळे झालं’ म्हणतात. कमी झोपूनही ठणठणीत गेलेले दिवस वहीत नसतातच. दुसरी गफलत गोडाची. झटका येण्याआधी काहींना गोड खावंसं वाटतं, जांभया येतात, मान आखडते. तेव्हा चॉकलेट हे कारण नसून झटक्याची सुरुवात असू शकते. खाल्ल्याची वेळ लिहिलीस तरच क्रम कळेल.

मैत्रिणींच्या नोंदी गोळा करायच्या असतील तर थांब. अठरा वर्षांखालच्यांवरच्या संशोधनाला एथिक्स कमिटीची (संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीची) मंजुरी, पालकांची संमती आणि मुलांचा स्वतःचा होकार लागतो. १२ वर्षांवरील मुलांचा तो लेखी. आधी जीवशास्त्राच्या बाईंशी बोल.

आणि वहीत साध्या वेदनाशामक गोळ्यांचे दिवस महिन्यात पंधराच्या आसपास जाताना दिसले, तर वही घेऊन न्यूरॉलॉजिस्टकडे जा. तीन महिन्यांहून जास्त काळ असं चाललं की गोळ्यांमुळेच डोकेदुखी वाढू शकते.