जुलैच्या अखेरीस आईवडिलांना घेऊन शिलाँगला जावे का?

आपला प्रश्न असा आहे, की सुटी जुलैच्या शेवटच्या आठवड्यातच मिळते आहे, बरोबर पासष्टी ओलांडलेले आईवडील आहेत, शिलाँग आणि चेरापुंजी पाहण्याची त्यांची जुनी इच्छा आहे. परंतु ज्याला विचारावे तो ‘भर पावसात तिकडे कोण जाते’ असे म्हणून मोडता घालतो. नोकरीच्या निमित्ताने मी काही वर्षे गुवाहाटीत राहिले आणि तिथला उकाडा असह्य झाला की पावसाळ्यातही शिलाँगची वाट धरत असे. त्या अनुभवावरून सांगते, की आपण अवश्य जावे. मात्र तिथे पाऊस किती पडतो याची चिंता करण्यापेक्षा तो नेमका कुठे पडतो आणि दिवसाच्या कोणत्या वेळी पडतो, हे समजून घेऊन आखणी करावी.

शिलाँग आणि चेरापुंजी ही नावे आपल्याकडे जोडीनेच घेतली जातात, त्यामुळे दोन्हीकडे सारखाच पाऊस असणार असा समज होतो. प्रत्यक्षात शिलाँगचा वार्षिक पाऊस साधारण २,२०० मिलिमीटर आहे आणि रस्त्याने जेमतेम ५५ किलोमीटरवर असलेल्या चेरापुंजीचा, म्हणजे स्थानिक लोकांच्या सोहराचा, ११,००० मिलिमीटरच्याही पुढे जातो. बंगालच्या उपसागरावरून येणारे बाष्पाने भरलेले ढग बांगलादेशाच्या सपाट, पाण्याने भरलेल्या मैदानावरून कोणत्याही अडथळ्याविना येतात आणि खासी टेकड्यांच्या दक्षिण कड्याशी एकदम हजार-तेराशे मीटर वर चढतात. सोहरा आणि मॉसिनराम ही दोन्ही ठिकाणे त्या कड्याच्या माथ्यावर आहेत, तर शिलाँग आणखी उंच, सुमारे १,५०० मीटरवर असले तरी मुख्य रांगेच्या मागे, उत्तरेकडे आहे. महाबळेश्वरला कोसळणारा पाऊस वाईपर्यंत येता येता कसा ओसरतो, हे ज्याने पाहिले आहे त्याला हा भेद लगेच उमगेल. म्हणून शिलाँग शहरात जुलैमध्ये दिवसभर घरात कोंडून बसण्याची वेळ क्वचितच येते. सर येते, अर्धा-पाऊण तास बरसते, मग देवदारासारख्या उंच खासी पाइनच्या शेंड्यांवरून धुके सरकत जाते आणि रस्ते पुन्हा माणसांनी भरतात. दुपारी पारा चोवीसच्या आसपास असतो, रात्री अठरापर्यंत उतरतो. मैदानातल्या घामट हवेतून तीन तासांत इथे पोहोचल्यावर वृद्ध माणसांना जी तरतरी येते, ती मी माझ्या स्वतःच्या आईच्या बाबतीत अनुभवली आहे. उंची फार नसल्याने विरळ हवेचा त्रास होण्याचेही कारण नाही.

वेळेचे गणित त्याहून महत्त्वाचे आहे. सोहराचा पाऊस मुख्यतः रात्री आणि पहाटे पडतो. दक्षिणेकडून येणारा खालच्या थरातला वारा रात्री जोर धरतो, हे त्याचे एक मोठे कारण सांगितले जाते. दिवस वर आला की पावसाचा जोर ओसरण्याची शक्यता वाढते आणि दुपारच्या सुमारास ढगांत खिंडारे पडू लागतात. बहुतेक पर्यटक शिलाँगहून सकाळी निघून सोहरा करून संध्याकाळी परततात. हिवाळ्यात ते ठीक आहे, पण पावसाळ्यात त्यांना ठरावीक ठिकाणी ठरावीक वीस मिनिटे मिळतात आणि नेमकी तेव्हाच दरी ढगाने भरलेली असली की पांढऱ्या भिंतीकडे पाहून परत फिरावे लागते. आपण सोहरामध्ये दोन रात्री मुक्काम करावा, असा माझा आग्रह आहे. तिथे राहणाऱ्याला घाई नसते. नोहकालिकाई धबधब्याच्या कठड्याशी मी एकदा बराच वेळ ढगात उभी होते. समोर काहीच दिसत नव्हते, फक्त खोलवरून सतत घुमणारा आवाज येत होता. शेजारच्या टपरीतल्या बाईंनी चहाबरोबर एवढेच सांगितले, की थांबा, उघडेल. वाऱ्याचा झोत आला आणि ढगाचा पडदा खालून वर गुंडाळला जावा तसा आधी हिरवा डोह, मग कडा आणि शेवटी सुमारे ३४० मीटर खाली झेपावणारी ती अखंड धार दिसली. पुन्हा सगळे झाकले जाईपर्यंत कोणी बोलले नाही.

हेच दृश्य जानेवारीत पाहिले तर त्या धारेची बारीक दोरी झालेली असते. कड्यावरून रांगेने कोसळणारे सेव्हन सिस्टर्स धबधबे तर खऱ्या अर्थाने पावसाळ्यातच असतात. जगातल्या सर्वाधिक पावसाच्या या प्रदेशात हिवाळ्यात पिण्याच्या पाण्याची टंचाई होते, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते. परंतु चुनखडीचा भूभाग आणि वाहून गेलेली माती यांमुळे पाणी तिथे टिकतच नाही. म्हणूनच ‘पावसाळा सोडून कधीही जा’ हा सल्ला मला पटत नाही. सोहरा ज्यासाठी प्रसिद्ध आहे ते पाहायचे असेल, तर पाण्याच्याच दिवसांत गेले पाहिजे.

अर्थात काही गोष्टी मनातून काढून टाकाव्या लागतील. समाजमाध्यमांवर जिची होडी हवेत तरंगत असल्यासारखी दिसते ती डावकीची उमंगोट नदी पावसाळ्यात गढूळ आणि वेगवान असते, नौकाविहार बहुधा बंद असतो. ते चित्र हिवाळ्यातले आहे आणि त्यासाठी जुलैत डावकीपर्यंत जाण्यात अर्थ नाही. दुसरे म्हणजे नोंग्रियातचा दुमजली जिवंत मुळांचा पूल. तिर्ना गावातून तिथे जाण्यासाठी तीन हजारांहून अधिक पायऱ्या उतराव्या आणि तेवढ्याच चढाव्या लागतात. शेवाळलेल्या दगडांवरून आईवडिलांना तिकडे नेऊ नये आणि त्यांना खोलीवर बसवून आपणही जाऊ नये, कारण त्या चालीत अख्खा दिवस जातो. त्याऐवजी मॉलिनाँगजवळच्या रिवाई गावातला पूल पाहावा. तिथे थोड्या पायऱ्या आहेत, हात धरून सावकाश उतरता येते. रबरवर्गीय वडाची मुळे ओढ्यापलीकडे नेऊन, दशकानुदशके वळवून हे पूल घडवलेले असतात. एवढ्या दमट हवेत तोडलेले लाकूड किंवा बांबू काही वर्षांत कुजतो. जिवंत मूळ मात्र वर्षागणिक जाड आणि बळकट होत जाते. पावसात त्या मुळांवर मखमली शेवाळ चढलेले असते आणि खालून ओढा दुथडी भरून वाहत असतो, तेव्हा या पुलांची गरज का पडली हे कोणी समजावून सांगावे लागत नाही.

सोहराच्या गुहांपैकी मॉस्माई अरुंद आहे आणि मोठ्या पावसात तिच्यात पाणी साचते. आईवडिलांसाठी आरवाह बरी. लायटलुमचा कडा शिलाँगहून अगदी जवळ आहे, आकाश उघडे दिसले तर त्याच क्षणी निघावे, आदल्या दिवशी ठरवून उपयोग नाही.

शिलाँगहून सुमारे २५ किलोमीटरवर असलेले मॉफलांगचे देवराई-वन मात्र ढगाळ दिवसासाठीच राखून ठेवा. आत जाताना गावातला वाटाड्या बरोबर घ्यावा लागतो आणि तो पहिलाच नियम सांगतो, की या वनातून काहीही बाहेर न्यायचे नाही. गळून पडलेले पानसुद्धा नाही. आमच्या वाटाड्याने परतताना माझ्या बुटाच्या तळव्याला चिकटलेली एक डहाळी वाकून काढली आणि पुन्हा आत टाकली. उभ्या प्राचीन शिळा, झाडांच्या खोडांवर चढलेली ऑर्किडे आणि नेचे, पायाखाली भिजलेल्या पाचोळ्याचा जाड थर, असे ते वन पावसात जितके पूर्ण वाटते तितके कोरड्या दिवसांत वाटत नाही. जळवा असतात, म्हणून पायमोज्यांत पँट खोचून घ्यावी आणि थोडे मीठ जवळ ठेवावे.

शहरासाठी किमान दोन पूर्ण दिवस ठेवा आणि ते पावसाने वाया जातील अशी भीती बाळगू नका. मॉलाई भागातले डॉन बॉस्को संग्रहालय सात मजली आहे, ईशान्येकडील जनजातींची वेशभूषा, शेतीची अवजारे, वाद्ये, घरबांधणी असे विषय तिथे मन लावून मांडलेले आहेत आणि एक अख्खी पावसाळी सकाळ त्यात सहज जाते. इव्दुह, म्हणजे बडा बाजार, हा उतारावर वसलेला प्रचंड जुना बाजार आहे. तिथले बहुतांश विक्रेते स्त्रिया आहेत आणि खासी समाजात घराची वारसदार सर्वांत धाकटी मुलगी असते हे ध्यानात ठेवून तो पाहिला, तर त्या बायकांच्या वावरातला आत्मविश्वास कुठून येतो ते कळते. वाटा निसरड्या असतात, त्यामुळे आईवडिलांना वरच्या बाजूच्या गल्ल्यांपर्यंतच न्यावे. याच बाजारात बांबू आणि पानांपासून विणलेले ‘क्नुप’ पाहायला मिळेल. हे डोक्यापासून कमरेपर्यंत पाठ झाकणारे इरले आहे, शेतात वाकून काम करणाऱ्याचे दोन्ही हात त्याने मोकळे राहतात. बाजारात वयाने मोठ्या स्त्रीला ‘काँग’ आणि पुरुषाला ‘बाह’ म्हणावे, निघताना ‘खुब्लेई’ म्हणावे. एवढ्याने समोरचा माणूस मोकळेपणाने बोलू लागतो.

जुन्या वस्त्यांतून फिरताना लाकडी सांगाड्याची, बोरूच्या काड्यांवर गिलावा केलेल्या भिंतींची आणि उतरत्या पत्र्याच्या छपरांची बैठी घरे दिसतील. १२ जून १८९७ च्या भीषण भूकंपात शिलाँगमधल्या दगडी इमारती कोसळल्या आणि त्यानंतर ही हलकी बांधणी इथे रूढ झाली. शक्य असल्यास लैतुमखरा भागात अशाच एखाद्या घरातले निवासस्थान निवडावे. पत्र्यावर पडणाऱ्या पावसाच्या आवाजात गाढ झोप लागते. तिथे अनेक ठिकाणी छताला पंखाही नसतो, त्यामुळे धुतलेले कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. सुती कपड्यांऐवजी लवकर वाळणारे कपडे, एक हलका स्वेटर आणि खरबरीत तळव्याचे बूट प्रत्येकासाठी न्यावेत. सोहराच्या वाऱ्यात छत्री उलटते, तिथे रेनकोटच हवा.

खाण्याबाबत आपण काही लिहिलेले नाही. मांसाहारी असाल तर डुकराच्या मांसाबरोबर शिजवलेला जादोह भात आणि काळ्या तिळाच्या वाटणातले दोहनेइयाँग जरूर खावे. घरात शाकाहार असेल, तर पोलीस बाजार परिसरात शाकाहारी भोजनालये आहेत, पण सोहरा आणि वाटेवरच्या टपऱ्यांवर पर्याय कमी, म्हणून दशम्या, चटण्या असा कोरडा शिधा बरोबर ठेवणे शहाणपणाचे. रविवारी शहर जवळजवळ बंद असते, लोक चर्चमध्ये आणि घरी असतात. तो दिवस प्रवासासाठी किंवा वॉर्ड्स लेकच्या काठी फिरण्यासाठी ठेवावा.

आता सुरक्षिततेविषयी, कारण आपल्या आप्तांची भीती अगदीच निराधार नाही. १७ जून २०२२ रोजी मॉसिनराम येथे चोवीस तासांत १,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला आणि त्या दिवसांत आसाम-मेघालयात दरडी, पूर आणि जीवितहानीही झाली. असा पाऊस रोज होत नाही, पण होऊ शकतो. त्यामुळे हवामान विभागाने लाल इशारा दिला असेल तर सोहराला जाऊ नका आणि गेला असाल तर जिथे आहात तिथेच थांबा. खोलीचे पैसे बुडतील म्हणून धोका पत्करू नका. गाडी आणि चालक स्थानिकच घ्यावेत. सोहराच्या वाटेवर मॉकडोक या ठिकाणानंतर धुके इतके दाट होते, की वळण ओळखणारा माणूसच तिथे गाडी चालवू शकतो. तिकडे जुलैत पावणेपाचच्या सुमारास सूर्योदय होतो आणि सव्वासहाला संध्याकाळ संपू लागते, म्हणून पाचच्या आत मुक्कामी पोहोचण्याचा नियम पाळावा. आईवडिलांची नेहमीची औषधे पुरेशी बरोबर असू द्यावीत. शिलाँगलगत नीग्रिम्स ही केंद्र सरकारची मोठी आरोग्यसंस्था आहे, सोहरामध्ये मात्र सोयी मर्यादित आहेत.

सहा रात्री हाताशी असतील तर गुवाहाटीहून थेट शिलाँग गाठून दोन रात्री तिथे, मग दोन रात्री सोहरा, परत एक रात्र शिलाँग आणि शेवटची रात्र उमियम तलावाजवळ, अशी विभागणी मी करेन. मधली शिलाँगची रात्र मुद्दाम सैल ठेवलेली आहे, सोहराला ढग हटलेच नाहीत तर ती तिकडे वळवता येते. शेवटच्या रात्रीचे कारण वेगळे आहे. गुवाहाटी-शिलाँग महामार्ग चौपदरी आणि चांगला आहे, परंतु शहरातून उमियमपर्यंत बाहेर पडायलाच गर्दीच्या वेळी तास-दीड तास लागतो आणि जोराच्या पावसात खाली जोराबाटच्या चौकात पाणी साचून वाहने अडकतात. उमियमहून सकाळी सातला निघालात आणि मुंबईचे विमान दुपारनंतरचे घेतलेत, तर एवढा अडथळा येऊनही विमानतळावर वेळेत पोहोचता येते.