वावर यवतमाळचं, नकाशा समुद्राचा

दारव्हा तालुक्यातल्या एका शेतकरी वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी बारावी सायन्सला आहे. मोबाईलवर नासाचं 'वर्ल्डव्ह्यू' उघडून ती अरबी समुद्राचे रंगीत नकाशे पाहत बसते आणि याच विषयात शिकायचं म्हणते. 'समुद्र आपल्यापासून कुठच्या कुठे! यात पोरीचं पोट भरेल का?' असं त्यांनी विचारलं आहे.

नमस्कार भाऊ,

समुद्र दूर आहे याची काळजी सोडा. मासळी कुठे मिळण्याची शक्यता आहे हे मच्छीमारांना कळवणारी, त्सुनामीचा इशारा देणारी 'इन्कॉइस' ही केंद्र सरकारची संस्था हैदराबादेत आहे. तिथे तरी कुठे समुद्र आहे? उपग्रहाने टिपलेलं पाण्याचं तापमान आणि पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पतींचं हरितद्रव्य यांवरून मासळीचा अंदाज बांधला जातो. तुमच्या पऱ्हाटीचाही समुद्राशी संबंध आहेच. प्रशांत महासागराचं विषुववृत्ताजवळचं पाणी नेहमीपेक्षा तापून तसंच राहिलं, की एल निनो येतो आणि अशा बऱ्याच वर्षी आपल्याकडे पाऊस ओढ देतो.

पोरीचा कल खरा आहे का, हे असं पाहा. तिला हरितद्रव्याच्या नकाशावर जुलैची तारीख लावायला सांगा. अरबी समुद्राचा बराच भाग कोरा दिसेल. तिथे हरितद्रव्य नाही असं नव्हे. ढगांमुळे उपग्रहाला खालचं पाणी दिसलेलंच नसतं. मग रंगपट्टीची कमाल-किमान मर्यादा बदलायला सांगा. आकडे तेच, पण समुद्र वेगळाच दिसू लागतो. 'असं का?' म्हणून ती खोदत बसली, तर तिला या वाटेने जाऊ द्या. नुसते रंग आवडत असतील, तर थोडं थांबा.

गणित मात्र सोडू देऊ नका. बीएस्सीला गणित, भौतिकशास्त्र किंवा संख्याशास्त्र घ्यावं, सोबत पायथन ही संगणकाची भाषा शिकावी, पुढे जिओइन्फॉर्मेटिक्समध्ये, म्हणजे संगणकावर नकाशे आणि भौगोलिक माहिती हाताळण्याच्या विषयात, एमएस्सी करावी. इंजिनिअरिंगला गेली, तर एमटेकच्या प्रवेशासाठीच्या गेट परीक्षेत 2022 पासून जिओमॅटिक्सचा, म्हणजे जमिनीची मोजणी आणि नकाशांच्या विषयाचा, स्वतंत्र पेपर आहे. फक्त समुद्रविज्ञानच करायचं, तर गोवा, कोची, विशाखापट्टणम गाठावं लागेल आणि त्यातल्या जागा मोजक्याच. माझं मत विचाराल, तर आधी उपग्रहाकडून येणारी माहिती हाताळण्यात हात पक्का करावा. ते काम पाटबंधारे, वनखातं, पीक पाहणी, खाणी, सगळीकडे लागतं. उपग्रहाच्या माहितीवर काम करणारं महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र तर आपल्या नागपुरातच आहे.

सरावाला बाभूळगाव तालुक्यातलं बेंबळा धरण घ्यावं. 'कोपर्निकस ब्राउझर' या संकेतस्थळावर सेंटिनेल-2 या युरोपच्या उपग्रहांची चित्रं फुकट मिळतात. त्यातला एक चौकोन 10 मीटर बाय 10 मीटरचा, म्हणजे सातबाऱ्यावरचा बरोबर एक आर. ऑक्टोबरचं आणि मे महिन्याचं चित्र काढून पाणी किती आर आटलं हे तिने मोजावं. नंतर तुमचं वावर. सोयाबीन निघालं आणि तूर उभी आहे, तेव्हा कुठल्या धुऱ्यापर्यंत काय आहे हे तुम्हीच तिला सांगा. जमिनीवरच्या अशा पडताळणीशिवाय पिकाच्या नकाशावर भरवसा ठेवता येत नाही.

क्युजीआयएस हे नकाशे बनवण्याचं सॉफ्टवेअर फुकट आहे. इस्रोच्या देहरादूनच्या संस्थेचे ऑनलाइन कोर्सही विनामूल्य आहेत. पदवीला गेली की तिने ते करावेत. नोकरीची हमी देऊन हजारो रुपये मागणाऱ्या क्लासला सध्या एक रुपयाही देऊ नका.