शेवाळासाठी हर्मिट क्रॅब सोडू का?

प्रश्न: नमस्कार ताई, आम्ही आर्वीकडचे, जि. वर्धा. पोराच्या हट्टापायी खाऱ्या पाण्याचा 150 लिटरचा टँक लावला, दोन क्लाउनफिश आहेत. आता दगडांवर केसासारखं हिरवं शेवाळ वाढून राहिलं, घासलं का आठ दिवसांत पुन्हा तेच. मीठ चांगलं वापरतो, पाणी घरच्या बोरचं. दुकानदार म्हणतो पंचवीस हर्मिट क्रॅब, म्हणजे शंखात राहणारे खेकडे, सोडा, सगळं साफ. सोडू का? उन्हाळ्यात जगतील का?

उत्तर: भाऊ, सोडा, पण पंचवीस नाही आणि आत्ता तर नाहीच. आधी पाणी बघा. आपल्या वर्धा, अमरावती, यवतमाळ पट्ट्यात बऱ्याच विहिरी-बोरच्या पाण्यात नायट्रेट जास्त निघतं, पिण्याच्या पाण्यात लिटरला 45 मिलिग्रॅमची मर्यादा आहे तीही काही ठिकाणी ओलांडली जाते, शेतातलं युरिया झिरपून खाली जातं ना. म्हणजे दर वेळी पाणी बदलताना त्या शेवाळाला तुम्हीच बादलीभर खत घालताय. मीठ आरओच्याच पाण्यात कालवा, आणि घरचा आरओ असेल तर टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) लावून बघा, आकडा शून्याच्या जवळ हवा, बरेचदा चवीसाठी त्यात मिनरलची कांडी असते ती काढावी लागते. माशांचं खाणंही कमी करा.

महिनाभरात शेवाळ मंदावलं की निळ्या पायांचे चार-पाच आणा, तेवढे पुरतात. हे बघायला फार सुंदर असतात, एका नांगीनं शेवाळाची दोरी धरायची, ओढायची, तोंडात घालायची, की लगेच दुसरी नांगी पुढे, दिवसभर हेच. पण लालसर चिकट थर आला तर तो साफ करायला यांच्यावर भरवसा ठेवू नका. आणि शेवाळ संपलं की उपाशी मरू देऊ नका, बुडणाऱ्या खाद्याचे दोन-चार दाणे टाकत जा.

रिकामे शंख मात्र हवेतच, खेकड्यामागे दोन-तीन, आत्ताच्यापेक्षा जरा मोठे, रंग न लावलेले. त्याचं पोट मऊ असतं, वाढला की घर बदलावं लागतं, रिकामं नसेल तर जिवंत गोगलगाय मारून तिचा शंख घेतो. खेकड्यानं टाकलेली कात अख्ख्या मेलेल्या खेकड्यासारखी दिसते, मेला समजून उचलून फेकू नका, खरा बहुतेक दगडामागे लपलेला असतो. माशांवर पांढरे ठिपके आले म्हणून तांब्याचं औषध या टँकमध्ये अजिबात घालायचं नाही, खेकडे मरतात. आणि पोरं कोकणातून किनाऱ्यावर फिरणारे शंखवाले खेकडे आणतात ते वेगळे, ते जमिनीवरचे, पाण्यात ठेवले तर बुडून मरतात.

उन्हाळ्याचं म्हणाल तर आपल्याकडे 45 डिग्री आणि टँकला पाहिजे 25-26. पाण्यावर छोटा पंखा सोडा, दोन-तीन डिग्री उतरतं, पण कूलरच्या खोलीत हवा दमट असल्यानं तेवढा फरक पडत नाही. पाणी आटतं तसं मीठ मागे राहतं, म्हणून काचेवर मार्करनं रेघ मारा आणि रोज तिथपर्यंत साधं आरओचं पाणी भरा, खारं नाही. खारेपणा (हायड्रोमीटरवरचा आकडा) 1.025 च्या आसपास ठेवा. लाईन गेली तर बॅटरीचा एअर पंप हाताशी असू द्या.

एप्रिल-मेमध्ये मात्र नवीन खेकडे आणू नका, बसमध्ये पिशवीतलं पाणी तापतं. मृगाचा पाऊस पडून गारवा आला की आणा, आणि टँकमध्ये एकदम टाकू नका, सलाईनच्या नळीनं टँकचं पाणी थेंब थेंब त्यांच्या भांड्यात तासभर सोडा, मग हातानं उचलून दगडावर ठेवा.