आरओ घ्यायचा, पण भरवसा कोणावर ठेवायचा?

‘प्रत्येक व्हिडिओखाली खरेदीची लिंक, सोसायटीच्या ग्रुपवर कौतुक करणाराही एजंट निघतो, मग आरओ (पाण्यातले क्षार गाळून काढणारं यंत्र) घ्यायचा तरी कोणाच्या भरवशावर?’ हा तुमचा प्रश्न वाचून आमचंच घर आठवलं. आम्ही यात पुरते फसलोय.

एका रविवारी ‘मोफत पाणी तपासणी’ म्हणून दोन मुलं आली. गळ्यात ओळखपत्र, हातात पेटी. विकायला आलोय असं एका शब्दाने म्हणाली नाहीत. ओट्यावर दोन ग्लास मांडले, एकात आमच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्यांच्या बाटलीतलं आरओचं. धातूच्या कांड्या असलेलं यंत्र बुडवून प्लग लावला. दोन मिनिटांत नळाचं पाणी विटकरी झालं, वर गाळ तरंगायला लागला. दुसरा ग्लास नितळच. सासूबाई म्हणाल्या, ‘हे आपण बाळाला पाजतो?’ त्याच संध्याकाळी 16,000 रुपये गेले.

पुढे वरच्या मजल्यावरच्या निवृत्त रसायनशास्त्राच्या बाईंनी तसलंच यंत्र मिळवलं, आमच्या आरओच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकलं आणि प्लग लावला. तेही विटकरी! पाण्यात क्षार असले की वीज वाहते, लोखंडाची कांडी झिजते आणि तिचाच गंज पाण्यात उतरतो. तो गाळ आमच्या पाण्यातला नव्हताच. मग नळाच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, मोजला, लिटरमागे 90 मिलिग्रॅम निघाला. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात (आयएस 10500) 500 पर्यंत चालतो. राष्ट्रीय हरित लवादाने 2019 मध्ये 500 च्या खाली आरओवर बंदी घालायला सांगितलं होतं, कारण या यंत्रात कितीतरी पाणी वाया जातं.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे: ‘कुठला चांगला’ हे कोणालाही विचारण्याआधी आपल्याला तो लागतो का, हे स्वतः मोजा. टीडीएस मीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो. नगरपालिकेचं कमी क्षारांचं पाणी असेल तर जंतूंसाठी यूव्ही (अतिनील किरणांनी जंतू मारणारा प्युरिफायर) बहुतेक पुरतो. बोअरचं असेल तर मीटरवर थांबू नका, प्रयोगशाळेत तपासून घ्या. आर्सेनिक, फ्लोराइड मीटरला कळत नाही.

व्हिडिओवाल्यांचं म्हणाल तर पैसे, फुकट वस्तू किंवा कमिशन मिळत असेल तर तसं स्पष्ट सांगणं बंधनकारक आहे. जाहिरात मानक परिषदेचे नियम 2021 पासून आहेत, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाचे 2022 पासून. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 10 लाखांपर्यंत दंड होतो, पुन्हा केली तर 50 लाखांपर्यंत. तक्रारीला 1915 हा नंबर आहे, जरूर लावा. मला ‘जाहिरात’ असं लिहून बोलणाऱ्याचा राग येत नाही, शेजारी बनून विकणाऱ्याचा येतो. आमच्या ग्रुपवर भरभरून लिहिणाऱ्या गृहस्थांना प्रत्येक गिऱ्हाइकामागे 500 रुपये मिळत होते, हे वर्षभराने कळलं.

ऑनलाइन अभिप्रायांत पाच तारे आणि एक तारा मी सोडूनच देते. दोन-तीन तारेवाले वाचते, तेही वापरून सहा महिने झालेल्यांचे. आणि दुरुस्तीवाल्याला ‘कुठला घेऊ’ असं विचारू नका, त्यालाही कमिशन असतं. ‘कुठल्या मशीनचे पार्ट मिळत नाहीत?’ असं विचारा, तो मनापासून बोलतो.

तुमचं पाणी नळाचं की बोअरचं? टीडीएस मोजून आकडा इथे टाका, मग यूव्ही की आरओ ते बघू.