आधी नाव आम्ही लावलं, गाडी शेजाऱ्यांकडे

प्रश्न : मार्चमध्ये २१ हजार भरून मधल्या व्हेरिएंटची एसयूव्ही बुक केली. शेजाऱ्यांनी तीच गाडी ऑगस्टमध्ये बुक केली आणि दसऱ्याला त्यांच्या दारात उभी! शोरूमवाले म्हणतात, ‘कंपनीकडूनच येत नाही.’ कंपनीने गाड्या वाटायच्या तरी कशा? – एक वाचक, सांगली

उत्तर : शेजाऱ्यांचं व्हेरिएंट कुठलं, ते आधी विचारा. ३० जुलै २०२२ ला स्कॉर्पिओ-एनचं अर्ध्या तासात लाखभर बुकिंग झालं. डिसेंबरपर्यंत वीस हजारांवर गाड्या द्यायच्या आणि त्यात झेड-८ एल हे वरचं व्हेरिएंट आधी काढायचं, असं महिंद्राने जाहीर केलं होतं. खालचं व्हेरिएंट घेणाऱ्याला निदान कळलं तरी.

व्हेरिएंट आणि रंग एकच असेल, तर मात्र शोरूममध्ये विचारा. मी कोल्हापुरात एका शोरूमला अठरा वर्षं अलॉटमेंट, म्हणजे कुठली गाडी कुणाला द्यायची ते, बघितली. डीलर गाडी बँकेच्या कर्जावर उचलतो, त्यामुळे कंपनीचं बिल पडलं की त्याला व्याज सुरू. ट्रेलरमधून गाडी उतरते, पहिल्या नंबरवाल्याचं लोन अडकलेलं, महिनाअखेर तोंडावर. मग बुकिंगच्या वहीतलं पुढचं नाव निघतं. इथपर्यंत मी समजू शकतो. पण विमा आमच्याकडून काढा, चाळीस हजारांच्या ॲक्सेसरीज घ्या, की नंबर वर, हेही मी पाहिलंय. गडहिंग्लजचे एक मास्तर दर शनिवारी एसटीने यायचे आणि पावती उलगडून काउंटरवर ठेवायचे. घडीवर ती फाटत आली होती. त्यांच्या नंबरची गाडी अशीच दुसऱ्याला गेली, आणि ‘पुढच्या लॉटला बघू’ असं मीच त्यांना सांगितलं. ते अजून टोचतं.

म्हणून म्हणतो, ही वही डीलरकडे नकोच. कंपनीने डीलरचा कोटा त्याच्या मागच्या विक्रीवर ठरवला की मोठ्या डीलरकडे गाड्या जातात आणि लहान गावातली रांग तशीच राहते. व्हेरिएंट आणि रंगाप्रमाणे एकच रांग कंपनीने ठेवावी, गिऱ्हाइकाला आपला नंबर फोनवर दिसावा, आणि चेसिस नंबर (गाडीवर कोरलेला तिचा स्वतःचा नंबर) त्याच्या नावावर टाकूनच गाडी कारखान्यातून निघावी. लोन अडकलं तर दहा दिवस थांबावं, मग ती गाडी पुढच्याला द्यावी, पण याचा नंबर घालवू नये. एकदा केलेलं बुकिंग दुसऱ्याच्या नावावर करू देऊ नये, नाहीतर पूर्वी स्कूटरचे नंबर विकले जायचे तसे गाड्यांचेही विकले जातील.

तुम्ही बुकिंग नंबर घालून कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल करा. माझ्या व्हेरिएंट-रंगाच्या किती गाड्या या डीलरला आल्या आणि माझा नंबर कितवा, एवढंच विचारा. विम्याची सक्ती कुणी केली तर ऐकू नका, तो हव्या त्या कंपनीचा घेता येतो.