माझ्या मेंदूत झोपेचं रसायनच कमी आहे का?

पर्समधून त्यांनी काचेची एक छोटी कुपी काढून टेबलावर ठेवली. तळाशी चिकटलेली पांढरी भुकटी, वर रबरी बूच. बूच अजून टोचलेलं नव्हतं.

"मॅडम, माझ्या मेंदूत झोपेचं रसायनच तयार होत नाही. हे टोचून घेऊ का?"

चाळिशीतल्या बाई, हिशेबाचं काम करणाऱ्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) आठ महिने रोज रात्री तीनला जाग, मग सकाळपर्यंत तळमळ. कुपीत होतं डीएसआयपी, म्हणजे डेल्टा (गाढ) झोप आणणारं पेप्टाइड, अमिनो आम्लांची एक छोटी साखळी. नेटवरून मागवलेलं.

'माझ्यातच काहीतरी कमी आहे' ही भीती झोपेच्या तक्रारी घेऊन माझ्याकडे येणाऱ्या खूप जणांकडून मी ऐकते. त्यामुळे जे ठाऊक आहे ते सगळं त्यांना सांगितलं. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या मोनिए आणि शोनेनबर्गर या संशोधकांनी सशांच्या मेंदूतल्या थॅलॅमस या भागाला सौम्य विद्युत उत्तेजन देऊन त्यांना झोपवलं आणि मेंदूतून परतणाऱ्या रक्तातून हा रेणू वेगळा केला. 1977 मध्ये त्याची रचना प्रसिद्ध झाली: अवघी नऊ अमिनो आम्लं. नाव पडलं ते या प्रयोगांवरून. पण ते बनवणारं जनुक अजून हाती लागलेलं नाही, ते पेशीवर जिथे बसतं तो ग्राहीही नाही. माणसांवरच्या छोट्या चाचण्यांत कुणाला थोडा फरक पडला, कुणाला जवळजवळ नाहीच. 'तुमच्यात हे कमी आहे' असं सांगणारी तपासणी कुठल्याच लॅबमध्ये होत नाही. शिवाय त्या कुपीत नेमकं काय आहे याची हमी देणारंही कुणी नव्हतं. टोचू नका, असं मी स्पष्ट सांगितलं.

त्यांचा चेहरा पडला. त्रासाचं कारण हातातून गेलं की माणूस आणखी एकटा पडतो, म्हणून मग सीआरएचबद्दल, म्हणजे ताणाची साखळी सुरू करणाऱ्या संप्रेरकाबद्दल, बोलले. 41 अमिनो आम्लांचं हे पेप्टाइड मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधून सुटतं, त्याखालच्या पिट्युटरी ग्रंथीला हाक देतं आणि शेवटी अॅड्रिनल ग्रंथीतून कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक येतं. रात्रीच्या पहिल्या भागातली गाढ झोप ही साखळी दाबून ठेवते. उत्तररात्री झोप हलकी होते आणि कॉर्टिसॉल चढू लागतं. तेव्हा जाग येणं साहजिकच आहे. पण जाग आल्या आल्या "आता उद्या कशी निभावणार?" हा विचार आला, की तीच साखळी आणखी जोर धरते.

"मग तुम्ही तीनला काय करता?" मी विचारलं.

"मोबाइल बघते. किती तास उरले ते मोजते."

इथे आम्हाला धागा सापडला. आधी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. थायरॉइड, घोरताना श्वास अडकणं, नैराश्य हे बघून घ्यावंच लागतं. ते सगळं ठीक निघालं. मग दोन आठवडे झोपेची नोंदवही. अंथरुणात नऊ तास, झोप जेमतेम साडेपाच. म्हणून ठरवलं, रात्री बारा ते सकाळी सहा एवढाच वेळ अंथरुणात. घड्याळ आणि फोन दुसऱ्या खोलीत. झोप येत नाहीये असं वाटलं की उठून मंद उजेडात बसायचं, डोळे जड झाले की परत यायचं. (फेफरं किंवा बायपोलर आजार असेल तर हे स्वतःच्या मनाने करू नये.)

पहिला आठवडा वाईट गेला. दिवसा पेंग यायची, त्या माझ्यावर चिडल्याही. मला ते अपेक्षित होतं, तरी त्यांचा थकलेला आवाज ऐकून जीव तुटायचा. तिसऱ्या आठवड्यात नोंदवहीत पहिल्यांदा लिहिलं होतं: "जाग आली. किती वाजले माहीत नाही." त्या ओळीखाली मी पेन्सिलने रेघ मारली. मग अंथरुणातला वेळ पंधरा-पंधरा मिनिटांनी वाढवत नेला.

कधीतरी तीनला जाग त्यांना अजूनही येते. शेवटच्या भेटीत मी कुपीचं विचारलं.

"फ्रिजमध्ये मागे कुठेतरी असेल," त्या म्हणाल्या. "तिची आठवणच राहिली नाही."