फ्यूचर परफेक्ट टेन्सचा सराव कसा करावा? बोलताना हा काळ कोणी वापरतं का?

वापरतात. ज्यांच्या कामात तारखा आणि वेळा असतात, ते तर रोज वापरतात.

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की सदाशिव पेठेत राहून कंबाइनची, म्हणजे एमपीएससीच्या संयुक्त परीक्षेची तयारी करताय, आणि क्लासच्या सरांनी सांगितलं, "हा काळ बोलण्यात येत नाही, सूत्र पाठ करा आणि पान उलटा." ते वाचलं आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसले. हेच वाक्य मी नोकरीत ऐकलंय आणि त्याची किंमत काय पडते तेही बघितलंय.

सूत्र तुम्हाला येतंच आहे: 'विल हॅव' आणि क्रियापदाचं तिसरं रूप. त्यावर जास्त लिहीत नाही. माणूस अडतो तो हा काळ कधी लागतो तिथे. रिकाम्या जागा भरून ते कळत नाही, कारण वाक्यात 'बाय टुमॉरो' आधीच छापलेलं असतं. ते दिसलं की हात आपोआप 'विल हॅव' लिहितो. विचार प्रश्न काढणाऱ्याने केलेला असतो, आपण फक्त तिसरं रूप बसवतो. आप्पा बळवंत चौकातून असल्या प्रश्नसंचांचा गठ्ठा आणलात तरी मेल लिहायची वेळ आली की गाडी 'विल डू' वरच थांबणार.

मी भोसरीला एका कारखान्याच्या निर्यात विभागात होते. गाड्यांचे सुटे भाग जर्मनीला जायचे. कंटेनर कारखान्यातच भरायचा, सील लावायचं आणि ट्रेलर न्हावाशेवाला पाठवायचा. बंदरात प्रत्येक जहाजाची कट-ऑफ ठरलेली असते. त्याआधी कंटेनर फाटकातून आत गेला, म्हणजे गेट-इन झाला, तरच त्या जहाजावर चढतो. नाही झाला तर पुढच्या जहाजाची वाट बघायची.

गणपतीचे दिवस होते. अनंत चतुर्दशी जवळ आलेली, अर्धे ड्रायव्हर गावी गेलेले, ट्रेलर मिळता मिळत नव्हता. कसाबसा बुधवारी रात्रीचा एक ठरला. कट-ऑफ गुरुवारी संध्याकाळची. सोमवारी ग्राहकाचा मेल आला: "व्हेन आय कम इन ऑन थर्सडे मॉर्निंग, विल द कंटेनर हॅव गेटेड इन?" खाली कारणही दिलेलं होतं. कंटेनर आत गेलेला नसेल तर तो त्याच सकाळी थोड्या मालासाठी विमानात जागा धरणार होता, म्हणजे त्याची असेंब्ली लाइन थांबली नसती. तिकडचे सकाळचे आठ म्हणजे त्या दिवसांत आपले साडेअकरा. साडेअकराला आमचा ट्रेलर फार तर बंदराबाहेरच्या रांगेत असणार होता.

आमच्या साहेबांनी उत्तर सांगितलं: "येस, द कंटेनर विल गेट इन ऑन थर्सडे."

मी म्हटलं, "सर, तो विचारतोय, गुरुवारी सकाळी कंटेनर आत गेलेला असेल का? आपण सांगतोय, गुरुवारी जाईल. याला 'येस' म्हणता येणार नाही. 'नो, बट इट विल हॅव गेटेड इन बाय फोर, अवर टाइम' असं काहीतरी स्पष्ट लिहू या."

साहेब म्हणाले, "मॅडम, तेच ते. असलं इंग्रजी कोणी बोलत नाही. तुमचं मराठी मीडियमचं ग्रामर वहीत ठेवा आणि मेल पाठवा."

मेल गेला, आणि गेला तो माझ्या आयडीवरून. ट्रेलर खंडाळ्याच्या घाटात अडकला, कट-ऑफ होऊन गेल्यावर बंदरावर पोहोचला. ग्राहकाने आमच्या 'येस'वर विसंबून विमानात जागा धरलीच नव्हती. शुक्रवारी त्याने ते 'येस' पिवळं करून परत पाठवलं. कंटेनर पुढच्या जहाजाने गेला आणि लाइन चालू ठेवायला लागणारा माल आम्हाला आमच्या खर्चाने विमानाने पाठवावा लागला.

त्यानंतरच्या मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, कम्युनिकेशन गॅप झाली. मग विचारलं गेलं, मेल कोणाच्या आयडीवरून गेला होता? आणि सगळ्यांसमोर सूचना निघाली, की मराठी माध्यमातून आलेल्यांनी लिहिलेले परदेशी मेल कोणीतरी आधी बघत जा. मी तिथल्या तिथे सांगितलं की सोमवारी मी काय म्हटलं होतं. कोणी काही बोललं नाही. चहा आला, पुढचा विषय निघाला.

म्हणून तुमच्या सरांचं वाक्य मला झोंबलं. त्या ग्राहकाची मातृभाषासुद्धा इंग्रजी नव्हती. पण जर्मन भाषेत अशा अर्थाचा स्वतंत्र काळ आहे आणि त्याने इंग्रजीत तो नेमका वापरला होता. आपल्याकडेही तो आहे, शाळेत पूर्ण भविष्यकाळ म्हणून शिकवतात. 'जाईल' आणि 'गेलेला असेल' यांतला फरक भाजीच्या गाड्यावर उभ्या असलेल्या कोणालाही कळतो. साहेब पहिलीपासून इंग्रजी माध्यमातले. त्यांनी 'विल' वाचलं, 'थर्सडे' वाचलं आणि उत्तर दिलं. मला तो प्रश्न वाचताक्षणी मराठीत ऐकू आला, म्हणून मला तो कळला.

याचं श्रेय शनिवार पेठेतल्या माझ्या मराठी शाळेतल्या बाईंना आहे. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असायचं. मराठी शाळांत ते पहिलीपासून आलं २००० साली. म्हणजे बाईंना वेळ कमी मिळायचा. त्या क्रियापदापासून सुरुवातच करायच्या नाहीत. आधी नुसती वेळ सांगायच्या: "संध्याकाळचे सात वाजलेत. साताला उभ्या राहा आणि मागे वळून बघा. काय काय होऊन गेलेलं आहे?" मुली सांगायच्या: शाळा सुटलेली असेल, बाबा घरी आलेले असतील, देवापाशी दिवा लागलेला असेल. मग बाई म्हणायच्या, "आता तेच इंग्रजीत." 'बाय सेव्हन, स्कूल विल हॅव एंडेड. फादर विल हॅव कम होम.' सूत्र फळ्यावर आलं ते सगळ्यात शेवटी. पुढच्या वेळेला उभं राहायचं आणि तिथून मागे बघायचं, एवढाच हा काळ आहे. तुमचा सरावही याच क्रमाने व्हायला हवा: आधी वेळ, मग त्या वेळेच्या आत काय संपलं ते, आणि रूप सगळ्यात शेवटी.

वेळा खऱ्या घ्या. छापील वाक्यातले जॉन आणि मेरी केव्हा घर रंगवून संपवतात याने आपल्याला काय फरक पडतो? डेक्कन क्वीन पुण्याहून सकाळी सव्वासातला सुटते. तुम्ही स्वारगेटहून साडेसातला स्टेशनवर पोहोचलात तर? 'बाय द टाइम यू रीच द स्टेशन, द डेक्कन क्वीन विल हॅव लेफ्ट.' हे वाक्य एकदा मनात नीट बसलं की विसरत नाही, कारण गाडी चुकण्याची धास्ती त्यात आहे.

याहून चांगला सराव विसर्जन मिरवणुकीचा. मानाच्या गणपतींचा क्रम पुण्यात राहणाऱ्याला सांगावा लागत नाही: कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा. आता अलका चौकात उभे आहात असं समजा. तुळशीबागेचा गणपती चौकात येईल तोपर्यंत आधीचे तीन गेलेले असतील. 'बाय द टाइम तुळशीबाग रीचेस अलका चौक, कसबा विल हॅव पास्ड.' मग केसरीवाड्यापासून मागे या, गुरुजी तालमीपासून मागे या. आधी काय, नंतर काय हे इथे पाठ करावं लागत नाही, क्रमातच आहे. माउलींच्या पालखीचं तसंच: सासवडला पोहोचेपर्यंत ती दिवे घाट चढून गेलेली असेल. अशी वाक्यं रूममेटला बरोबर घेऊन मोठ्याने म्हणा. एकाने वेळ किंवा ठिकाण सांगायचं, दुसऱ्याने मागे वळून बघायचं. मेसमध्ये ताट येईपर्यंत भरपूर वाक्यं होतात.

मराठी माणसाच्या चुका दोन ठिकाणी होतात, आणि त्या बहुतेक प्रश्नसंचांत समजावलेल्याच नसतात.

एक म्हणजे 'पर्यंत'. 'पाचपर्यंत मी अभ्यासिकेत बसेन' आणि 'पाचपर्यंत माझं प्रकरण वाचून झालेलं असेल', दोन्हीकडे आपण 'पर्यंत'च म्हणतो. इंग्रजीत पहिल्याला 'टिल फाइव्ह', दुसऱ्याला 'बाय फाइव्ह'. ओळखायचं कसं? 'पर्यंत' काढून 'च्या आत' घालून बघा. 'पाचच्या आत प्रकरण वाचून झालेलं असेल' चालतं, म्हणजे 'बाय'. 'पाचच्या आत अभ्यासिकेत बसेन' म्हटलं की अर्थच बदलतो, म्हणजे तिथे 'टिल'. हे एवढं केलंत तर अर्ध्या चुका जातील.

दुसरी चूक 'येईपर्यंत'मधली. 'तुम्ही येईपर्यंत मी जेवलेली असेन.' 'येई' ऐकून आपण लिहितो 'बाय द टाइम यू विल कम'. तिथे 'विल' येत नाही. 'बाय द टाइम यू कम, आय विल हॅव ईटन.' 'विल' एकदाच, आणि तेही संपलेल्या कामाच्या बाजूला. परीक्षेत चूक शोधायला देतात तेव्हा सापळा बहुधा इथेच असतो. नाहीतर 'ही विल हॅज गॉन' इथे. 'ही' दिसला म्हणून 'हॅज' करायचं नाही, 'विल'च्या पुढे कायम 'हॅव'च.

हाच साचा अंदाजालाही चालतो. आई फोन उचलत नाहीये, झोपली असेल: 'शी विल हॅव गॉन टु स्लीप.' यात भविष्य कुठेच नाही, तरी रूप तेच. मराठीतही 'असेल' हेच काम करतं. अशा ठिकाणी 'मस्ट हॅव' जास्त ऐकू येतं, पण 'विल हॅव' वाचलंत तर दचकू नका.

'विल हॅव बीन' वाला भाऊ वेगळा शिकायची गरज नाही. जूनमध्ये तुम्हाला पुण्यात राहून दोन वर्षं होणार असतील तर 'बाय जून, आय विल हॅव बीन लिव्हिंग इन पुणे फॉर टू इयर्स'. काम संपलं ते सांगायचं तर 'विल हॅव', किती काळ चालू आहे ते सांगायचं तर 'विल हॅव बीन'.

आता काही गोष्टी सरांच्या बाजूनेही सांगायला हव्यात. बोलताना लोक पुष्कळदा 'आय विल बी डन बाय फाइव्ह' म्हणून मोकळे होतात आणि ते बरोबरच असतं. 'वी विल फिनिश बाय फ्रायडे' हेही अगदी शुद्ध आहे. 'बाय' आलं म्हणजे 'विल हॅव' आलंच पाहिजे असा नियम नाही. जुन्या गाइडांत 'आय' आणि 'वी' पुढे 'शॅल हॅव' दिसेल, ते चूक नाही, आता कमी वापरतात इतकंच. आणि परीक्षा वस्तुनिष्ठ आहे, तेव्हा शेवटच्या महिन्यात प्रश्नसंच सोडवावेच लागतील. मी म्हणते ते त्याआधीचं. आमचा ट्रेलर उशिरा पोहोचला तो घाटामुळे, हेही खरं. पण 'नो' लिहिलं असतं तर ग्राहकाने विमानात जागा धरली असती, ट्रेलर कितीही उशिरा पोहोचो.

तुम्ही मराठी माध्यमातले आहात असं प्रश्नावरून वाटलं. सरांचं किंवा वर्गातल्या कोणाचं फाडफाड बोलणं ऐकून आपलं व्याकरण दोन मार्कांचं आहे असं समजू नका. भराभर बोलणं ही एक गोष्ट आणि समोरच्याने नेमकं काय विचारलंय ते कळणं ही दुसरी. पहिली नसली तर ती सवयीने येते. दुसरी नसली तर मेल माझ्यासारख्या कोणाच्या तरी आयडीवरून जातो.

उद्याच्या तुमच्या दिवसातल्या वेळा घेऊन वाक्यं करा: अभ्यासिका उघडण्याची, मेसची, रात्री दिवा मालवण्याची. आधी मराठीत 'झालेलं असेल' म्हणून बघा, मग इंग्रजीत लिहा. खाली प्रतिक्रियेत टाकलीत तर मी तपासून देईन. 'बाय' आणि 'टिल'ची एकेक जोडी त्यात असू द्या, मी पहिल्यांदा तेच बघणार आहे.